गेस्काच्या डाव्या डोळ्यावरची कात

टोमा एलर्सला हात रिकामे ठेवणं कधी जमलंच नाही. जर्मनीतल्या एम्डनच्या बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिने हेरिंग माशांची कातडी सोलली. निवृत्त झाली तरी हातांना ते पटेना. स्वतःचं कुंपण रंगवून झाल्यावर तिने शेजाऱ्याचंही रंगवलं, त्याने नको म्हटलं तरी. त्यातच मार्च महिन्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तिच्या धाकट्या भावाचं, ओनोचं, हृदयाचं ऑपरेशन झालं. पुढचे चार आठवडे जवळच्या एका बेटावरच्या आरोग्यधामात काढायचे ठरले. जाताना त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली.

"कुंड्या वाळल्या तरी चालतील. गेस्काला तेवढं सांभाळ."

गेस्का म्हणजे ओनोने बारा वर्षं पाळलेली बिनविषारी सापीण. तीन हात लांब, केशरी अंगावर विटकरी ठिपके. नाव आत्याचं ठेवलेलं, कारण ओनोच्या मते जेवण झाल्यावर दोघीही तीन दिवस कुणाशी बोलत नसत.

टोमाने पहिल्याच दिवशी काचेची पेटी घासूनपुसून लखलखीत केली. ओल्या शेवाळाचा डबा कुबट वास येतो म्हणून फेकला. पाण्याची परात काढून बशीएवढं भांडं ठेवलं. घर ऊबदार राहावं म्हणून हीटर वाढवला. दहाव्या दिवशी गेस्काने उंदीर हुंगलासुद्धा नाही. अंगाचा केशरी रंग राखेत लोळल्यासारखा मळका झाला होता. आणखी दोन दिवसांनी टोमाने पेटीत डोकावून पाहिलं, तर दोन्ही डोळ्यांवर निळसर, दुधाळ पडदा आलेला.

तिला पहिल्या दिवसाची साफसफाई आठवली. काच पुसायला वापरलेलं औषध! आपणच हिला आंधळी केली.

ओनोचा फोन रोज पाच वाजता, चहाच्या वेळी यायचा. त्याला कसलाही ताण देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"काय म्हणतेय आमची बाई?" ओनोने विचारलं.

"मजेत आहे. जेवली."

"आणि तू?"

"मीही मजेत," टोमा म्हणाली. कपातली खडीसाखर ती इतकी ढवळत होती की चहा बशीत सांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जनावरांच्या डॉक्टर वुबेनाबाईंना फोन लावला. वुबेनाबाईंनी शांतपणे विचारलं, "पोट गुलाबीसर दिसतंय का? कोपऱ्यात दडून बसते?"

"हो. दोन्ही."

"मग आंधळीबिंधळी काही नाही हो, एलर्सबाई. कात टाकायच्या तयारीत आहे. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये पाणी साठतं, म्हणून डोळे निळे दिसतात. तीन-चार दिवसांत निवळतील, त्यानंतर दोन-चार दिवसांत कात उतरेल. तोवर खायला देऊ नका, उचलू नका. तिला नीट दिसत नसतं, त्यामुळे बिथरते. पाण्याचं मोठं भांडं आहे ना आत? ओलं शेवाळ? कोरड्यात कात अडकते."

"आहे की," टोमा म्हणाली. फोन ठेवताच सायकल काढून ती शेवाळ आणायला सुटली.

पण उशीर झाला होता. आठवडाभर ती दिवसातून वीस वेळा जिना चढली. भांडी घासता घासता वर, कपडे वाळत घालता घालता वर. डोळे निवळले तेव्हा तिला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी गेस्का खडबडीत लाकडाला तोंड घासू लागली आणि कात निघाली, पण सलग मोज्यासारखी नाही. तुकड्या-तुकड्यांनी, उन्हात पोळलेल्या पाठीसारखी. मानेजवळ एक पापुद्रा अर्धवट लोंबत होता.

टोमाने पेटी उघडली. एकतीस वर्षांच्या सवयीने अंगठा आणि तर्जनी आपोआप त्या कडेवर गेली. तिने ओढलं. गेस्का चाबकासारखी उसळली आणि तिने टोमाच्या मनगटावर तोंड आपटलं. पापुद्रा हातात आला, पण त्याच्या खालचे दोन खवले लाल झाले होते.

"अरे देवा!" टोमा म्हणाली आणि तिने पुन्हा फोन लावला.

"ओढायचं नसतं!" वुबेनाबाई या वेळी ओरडल्याच. "कोमट पाणी घ्या, तिच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच. वीस मिनिटं त्यात ठेवा, पण जवळून हलू नका. मग ओल्या टॉवेलमधून तिचं तिला सरपटू द्या. शेपटीचं टोक नीट बघा, तिथे कड्यासारखी कात राहिली तर रक्त अडतं. आणि डोळ्याला बोट लावायचं नाही!"

वीस मिनिटं टोमा न्हाणीघरात स्टुलावर बसली. उठावं, आवरावं, काहीतरी पुसावं, असं सारखं वाटत होतं. शेवटी तिने हात मांड्यांखाली दाबून धरले. मग टॉवेल. गेस्का त्याच्या घड्यांतून हळूहळू पुढे सरकली आणि मागे ओलसर पापुद्रे राहत गेले. शेपटी मोकळी झाली. डाव्या डोळ्यावरची कात मात्र तशीच राहिली, सुरकुतलेली, धुरकट.

पाच वाजता फोन वाजला आणि या वेळी तिच्याने खोटं बोलवेना. परातीपासून पापुद्र्यापर्यंत तिने सगळं सांगून टाकलं.

"ओनो? ऐकतोयस ना?"

"एवढंच?" ओनोचा आवाज चिरकला. "एवढंच होतं? दहा दिवस तू 'मजेत, मजेत' म्हणतेस आणि तुझ्या आवाजावरून मला कळतंय की काहीतरी दडवतेयस. मला वाटलं, डॉक्टरांनी तुला माझ्याबद्दल काहीतरी सांगितलंय. झोप नाही मला, टोमा! काल मृत्युपत्राचा कागद करायला बसलो होतो!"

"तुला त्रास नको म्हणून..."

"फार उपकार केलेस!" मग तो हसायला लागला आणि छातीचे टाके दुखले म्हणून कण्हला. "अगं, पहिल्या वर्षी मी चिमट्याने ओढली होती तिची कात. तेव्हापासून तिची शेपटी आखूड आहे. आता डोळ्याचं ऐक. लाल झालेले खवले बरे होईपर्यंत तिला कोरड्या कागदावर ठेव. मग ओल वाढव आणि पुढच्या कातेपर्यंत थांब."

"कधी?"

"सहा-सात आठवडे."

"तेवढे दिवस नुसतं बसून राहू?"

"हो. जमेल तुला?"

जमलं असं म्हणवत नाही. ओनो घरी आला, जिना चढू लागला, तरी ती त्याच्या आधी वर जायची आणि तो डोळा बघून यायची. मधे एकदा तर तिने कापसाचा बोळा भिजवून पेटीचं झाकण उचललंही होतं. मागून ओनो म्हणाला, "टोमा," आणि तिने झाकण लावलं.

मे महिन्याच्या अखेरीस डोळे पुन्हा निळे झाले, निवळले. एका सकाळी शेवाळाच्या डब्याबाहेर कात पडलेली दिसली, उलटी, सलग, शेपटीपर्यंत अखंड. टोमाने ती दोन्ही तळव्यांवर घेऊन खिडकीशी नेली. उजव्या डोळ्याच्या जागी एक पारदर्शक टिकली होती. डाव्या डोळ्याच्या जागी दोन, जुनी आणि नवी, एकावर एक चिकटलेल्या.

"ओनो, निघाली!" ती ओरडली.

त्याने येऊन आधी कात पाहिली, मग पेटीत वाकून गेस्काचा काळाभोर, स्वच्छ डावा डोळा. "बरं झालं," तो म्हणाला आणि खुर्चीत टेकला. "आता तिला खायला दे. आणि तूही जरा बस."

टोमा उंदीर काढायला फ्रीजरकडे निघालीसुद्धा होती.