गोठ्यातली ऑस्टिन

वरवट बकालहून गोजरबाई माहेरी आली तेव्हा तिला कुणी हाकलून दिलं नव्हतं. लग्नाला पाच वर्षं होऊनही कूस उजवली नाही, म्हणून तिच्या नवऱ्याने, हिंमतरावाने, दुसरी बायको केली. नागपंचमीच्या सणाला म्हणून गोजरबाईला जानेफळला आणून सोडलं, ते सोडलंच.

त्याला सहा वर्षं झाली होती. एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात ती सव्वीस वर्षांची होती. थोरला भाऊ किसनराव वांग्या-मिरच्यांचा मळा करायचा आणि माल मेहकरच्या बाजारात न्यायचा. माणूस मनाने वाईट नव्हता. बहिणीला तो कधी वेडंवाकडं बोलला नाही, फक्त त्याने तिला बाहेर जाऊ दिलं नाही. घर, विहीर आणि मळा, बस. बाजार नाही, देऊळ नाही, कुणाचं लग्नकार्य नाही. "लोकं इचारतात, त्यायले मी काय सांगू?" एवढंच तो म्हणायचा. भावजय विमलबाई भाकरी थापता थापता एकदा सरळच बोलून गेली होती, "रांड असती तं पाट लागून दुसरं घर तरी भेटलं असतं तुले. तुह्यं ना हे, ना ते." गोजरबाईला त्याचा राग आला नाही. खरं तेच होतं.

वडील उकंडराव मात्र दिवसभर घरीच असत. खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठकडे त्यांनी चोवीस वर्षं मोटार चालवली होती. पुढे हाताला कंप सुटला. चहाचा कप ओठापर्यंत नेईस्तोवर अर्धा सांडायचा. शेठने नवी गाडी घेतली, आणि म्हाताऱ्या ड्रायव्हरला निरोप देताना जुनी काळी ऑस्टिन कागदांसकट देऊन टाकली. तिचं इंजिन तेव्हाच जाम झालेलं. बैलजोडी लावून ओढत ओढत ती तिसऱ्या दिवशी जानेफळला आली आणि गोठ्यात, म्हशींच्या शेजारी, उभी राहिली. नऊ वर्षं झाली. मागच्या गादीवर कोंबड्या अंडी घालत, पुढच्या गादीवर सरकीच्या ढेपेचं पोतं असे, आणि वायरी उंदरांनी कधीच खाऊन टाकल्या होत्या.

एक दिवस गोजरबाई अंडी काढायला दार ओढत होती. गोठ्याच्या तोंडाशी बाजेवर बसलेले उकंडराव ओरडले, "तसं ओढू नको, माय! आंधी वर उचल, मंग ओढ."

तिने वर उचललं. दार अलगद उघडलं. इतकं अलगद, की तिने ते पुन्हा लावलं आणि पुन्हा उघडलं.

"बाबा, हे काय व्हय?" तिने आतल्या एका दांड्याला हात लावून विचारलं.

"गेअर व्हय थे," उकंडराव म्हणाले, आणि किती तरी दिवसांनी बाजेवरून उठले.

तिथून सुरू झालं. कोंबड्या हलल्या, ढेपेचं पोतं हललं. उकंडराव सांगत आणि गोजरबाई करी. आधी चारी प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल आणि तेल ओतलं. मग रोज सकाळी समोरून हँडल घालून जोर लावायचा. काही हलायचं नाही. ती दमून मातीत बसायची, उकंडराव म्हणायचे, "उद्या." तेविसाव्या दिवशी हँडल बोटभर सरकलं. गोजरबाईने मागे वळून पाहिलं तर म्हातारा दोन्ही हात छातीशी धरून उभा होता.

हँडल कसं धरायचं हे त्यांनी तिला चार दिवस शिकवलं. "आंगठा बोटायच्याच बाजूनं ठेव. उलटा झटका बसला तं मनगट मोडते." व्हॉल्व्ह आपल्या जागी घट्ट बसावेत म्हणून त्यांना वाळूचा लेप लावून ते तळव्यांत घुसळल्यासारखे फिरवायचे होते, ते मात्र तिला शिकवावं लागलं नाही. ताक घुसळणाऱ्या हातांना ती ओळखीची गोष्ट होती. उकंडराव डोळे मिटून ऐकत बसत. घासण्याचा आवाज खरखरीत होता तो मऊ झाला की म्हणत, "हां, बसला. दुसरा घे."

सामान आणायचं कसं? उकंडरावांचा जुना सोबती शालिग्राम याच रस्त्याने ट्रक घेऊन जायचा. तो कधी जुने टायर टाकून जाई, कधी वायरीचं भेंडोळं, कधी कुठल्याशा गाडीतून निघालेली क्लचप्लेट. पेट्रोलच्या टाकीत खडे आणि रॉकेल घालून बापलेकीने ती दोन दिवस हलवली, तेव्हा गंजाचं लाल पाणी निघालं. फुटलेल्या रेडिएटरला भांड्यांना डाग देणाऱ्याने डाग दिला.

किसनराव आडवा आला नाही. "बाबाचा जीव रमते," असं तो विमलबाईला सांगायचा. आणि बहीण गोठ्यात आहे म्हणजे बाहेर नाही, हेही त्याला बरंच होतं. गोजरबाईला ते कळत होतं. काम आटोपलं की ती कधी कधी चाकापाशी, म्हणजे स्टिअरिंगपाशी, नुसती बसून राही. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. समोरच्या काचेतून बॉनेटपलीकडे शेणाने सारवलेली भिंत दिसायची, दुसरं काही नाही.

पावणेदोन वर्षांनी, एकाहत्तरच्या होळीच्या आसपास, ऑस्टिन सुरू झाली. धुराने गोठा भरला, म्हशींनी दावी तोडली, विमलबाई लाटणं घेऊनच धावत आली. उकंडराव बॉनेटवर तळवे टेकून उभे होते. इंजिनच्या थरथरीत त्यांच्या हातांची थरथर दिसत नव्हती.

मग गाडी ढकलत बाहेर काढून तिचं तोंड ओढ्याकडे केलं, आणि त्यांनी तिला चालवायला शिकवलं. किसनरावाची अट एकच होती, ओढ्याच्या पलीकडे जायचं नाही. गोठ्यापासून ओढ्यापर्यंत गाडीवाट होती, आणि तिथे वळायला जागा नव्हती. तेव्हा गोजरबाई ओढ्यापर्यंत सरळ जाई आणि तेवढीच उलटी येई. दोन महिन्यांत तिला उलटी गाडी इतकी सफाईने आणता येऊ लागली, की शालिग्राम पाहून थक्क झाला. पण दर वेळी ओढ्याशी ब्रेक दाबताना तिचा पाय जड व्हायचा.

बाईमाणूस मोटार चालवते ही बातमी वरवट बकालपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. वैशाखात हिंमतराव आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला. दुसरी बायको तिसऱ्या बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली होती, घरात करायला कुणी नव्हतं.

"गोजरीले न्याले आलो," तो म्हणाला. मग गोठ्याकडे पाहत म्हणाला, "अन् गाडी देऊन द्या संगं. मामंजीले आता काय कामाची?"

"घेऊन जा ना, जावईबापू," किसनराव लगेच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आठ वर्षांचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. "तिचं घर हाये थे. तिले पाठवतो अन् गाडीबी पाठवतो."

गोजरबाई दाराआड उभी होती. तिला एकदम वरवट बकालची ती चूल दिसली, आणि चुलीपुढे आपण दिसलो, आता दुसरीच्या तीन लेकरांसकट. ती बाहेर आली. हातांना अजून तेल होतं.

"गाडी घेऊन जा," ती म्हणाली. "मी नाई येत."

"गोजरे, घरात जाय!" किसनराव उठून उभा राहिला.

ती गेली नाही. "फारकत लिहून द्या मले," ती नवऱ्याला म्हणाली, "अन् गाडी न्या. दोघी नाई भेटत. दोघीतली एक."

हिंमतराव हसला. मग हसू विरलं आणि तो पुन्हा गोठ्याकडे पाहू लागला. त्याच्या गावात कुणाकडे मोटार नव्हती.

गोजरबाई वडिलांकडे वळली. "बाबा, गाडी तुमची हाये. तुम्ही नाई म्हणा, मी मुकाट्यानं जातो त्यायच्यासंगं."

उकंडरावांची मान हलत होती, पण ती तर आताशा नेहमीच हलायची. तिच्यावरून हो म्हणतात की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"कागद आणा," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी मेहकरहून आणलेल्या कागदावर गावचे पंजाबराव पाटील आणि शेजारचा कडूबा यांच्या साक्षीने फारकत झाली. हिंमतरावाने चार लोकांपुढे गवताची काडी मोडली. गोजरबाईने गळ्यातली पोत काढून त्याच्यापुढे ठेवली. किसनराव खाली मान घालून बसला होता.

हिंमतरावाने ड्रायव्हर आणला होता. त्याने दहादा हँडल मारलं, गाडी सुरू होईना. शेवटी गोजरबाईच पुढे झाली. चोक ओढला, हँडल दोनदा रिकामं फिरवलं, तिसऱ्याला इंजिन बोललं.

"दुसरा गेअर टाकाच्या आंधी जरासं थांबत जा," तिने ड्रायव्हरला सांगितलं. "नाई तं खरडते."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, आणि मान डोलावली. ऑस्टिन ओढा ओलांडून रस्त्याला लागली. धूळ बसेपर्यंत गोजरबाई उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी गाडीच्या जागी किसनरावाने म्हशीची वगार बांधली. उकंडरावांनी बाज फिरवून घेतली, गोठ्याकडे पाठ करून. कागद पेटीत होता, पण पायाखाली तेच घर, तीच विहीर, तोच मळा होता. फरक एवढाच, की आधी गोठ्यात तरी जायला होतं. आपण काय करून बसलो, असं तिला कितीदा वाटलं. विमलबाईने अमडापूरच्या एका बिजवराचं स्थळ आणलं, ते तिने नको म्हटलं. माघात उकंडराव गेले. शेवटचे दोन दिवस ते तिचा हात धरून होते, तेवढंच.

त्या साली पाऊस फिरकला नाही. विहिरीत दोन तासांपुरतं पाणी साठायचं, आणि ऐन त्यातच मळ्यातलं ऑइल इंजिन बंद पडलं. मेहकरच्या मिस्त्रीने आठ दिवसांचा वायदा दिला. वांगी माना टाकू लागली. तिसऱ्या दिवशी गोजरबाई पाने-पकडी घेऊन विहिरीवर गेली आणि इंजिन खोलून बसली. किसनराव धावत आला.

"कायले हात लावून राह्यली? होतं थेबी बिघडवशीन!"

"बिघडलंच हाये, दादा. आणखी काय बिघडन?"

तो बाजूला बांधावर बसला. दुपार कलली तेव्हा इंजिनने धूर टाकला आणि पाटाला पाणी आलं. किसनराव फावडं घेऊन पाणी वळवायला गेला.

आठवड्याने कडूबाचं इंजिन अडलं. त्याचा निरोप किसनरावाकडे आला. त्या दिवशी त्याने तो गिळला, सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी कडूबाची बायको अन्नपूर्णाबाई स्वतः आली. तेव्हा किसनराव ओसरीवरून उठून स्वैपाकघराच्या दाराशी आला.

"कडूबाच्या मळ्यात बोलावून राह्यले तुले," तो म्हणाला. "त्याचं एंजिन बंद हाये." मग त्याने विचारलं, "जातं काय?"

गोजरबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि पाने घेऊन अन्नपूर्णाबाईबरोबर निघाली.