भागीच्या दारातले हातमोजे

रविना मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. धसईची पोर, वय तेवीस. एचआयव्हीच्या रुग्णांची घरी जाऊन काळजी घेणाऱ्या बायकांना मी मुरबाडला तीन दिवस शिकवते. हिने एकही उत्तर चुकवलं नाही. असल्या पोपटपंचीची मला चीडच आहे.

तिला पहिलं घर मिळालं भागीचं. सिद्धगडाखालच्या पाड्यावरची ही विधवा लग्नांत तांदळाच्या भाकऱ्या भाजायची. पाड्यातलं एकही लग्न तिच्या भाकरीशिवाय होत नसे. आजार तिने कुणाला कळू दिला नव्हता. गोळ्या पिठाच्या डब्यात लपवायची.

रविनाने पाड्याच्या तोंडाशीच हातमोजे चढवले. पाड्याने हातमोजे दोनदाच पाहिलेले: गाय अडली तेव्हा, आणि नदीतलं कुजकं प्रेत काढलं तेव्हा.

"ते कशाला गो?" शेजारच्या गंगीने विचारलं.

"प्रशिक्षणात सांगितलंय," म्हणत रविनाने दारातच भागीची नाडी धरली.

भागीचा नवरा कशाने गेला, याची कुजबुज होतीच; हातमोज्यांनी ती पक्की केली. पुढच्या दोन्ही लग्नांना भाकऱ्या मुरबाडहून आल्या.

मी रविनाला फाडफाड बोलले. "जखम असेल, रक्त असेल तरच हातमोजे. एवढं कळत नाही?" तिने वही पुढे केली. हातमोजे कसे घालायचे, कसे काढायचे, कुठे टाकायचे, चार पानं भरलेली. कधी घालायचे नाहीत, याची एक ओळ नाही. ते मी चहाच्या सुट्टीत, कप हातात धरून सांगितलं होतं, आणि ही तेव्हा आमचेच कप विसळत होती. वही बरोबर निघाली म्हणून मला तिचा जास्तच राग आला.

दोघी भागीकडे गेलो. रविनाने जे घडलं ते माझ्या चहाच्या सुट्टीसकट तिला सांगून टाकलं. मग दार सताड उघडून, मोकळ्या हातांनी चुलीपुढे बसली. गंगीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मावशी, भूक लागलीय. भाकर दे."

भागीने पीठ मळलं, थापलं. भाकरी टम्म फुगली. ती तिने रविनाच्या उघड्या तळहातावर ठेवली.

"खा गो. सगला पाडा खायचा माझ्या हातचं. आता तू एकलीच."

मीही हात पुढे केला. भागीने उरलेल्या पिठावर झाकण ठेवलं.

"तुमी चाच घ्या, बाई."