गेलेल्या ट्यूबांचा टेम्पो

नगर जिल्ह्यात आम्ही गेलेल्या ट्यूबलाइट गोळा करायला निघालो, आणि गोळा झाले किस्सेच जास्त! चहाला चार माणसं बसली की एक तरी बाहेर पडतोच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जर्मनीहून शिकून नुकतीच परतले होते. ट्यूब फुटली की आतला पारा हवेत जातो, हे भेटेल त्याला ऐकवायची. सोबतीला दोघं: सरकारी इमारतींचे वायरमन शिंदेमामा आणि दवाखान्यातल्या सरोदे सिस्टर. पुण्याकडचा एक कारखाना ट्यूबमधला पारा काढून घ्यायला तयार झाला, पण अट घातली: "टेम्पो भरून आणा, अख्ख्या आणा. जमलं तर कायम घेऊ. नाहीतर पुन्हा येऊ नका!"

झालं, त्या टेम्पोनं आमची झोप उडवली.

*

राहात्याच्या एका शाळेत फळ्यावर लिहून आले, 'जुन्या ट्यूब जमा करा.' आठवड्यानं गेलो तर व्हरांड्यात हा ढीग! सायकलच्या ट्यूब, ट्रॅक्टरच्या ट्यूब, वर दोन टूथपेस्टच्या.

हेडमास्तर खुशीत म्हणाले, "बघा मॅडम, पोरांनी गाव पालथं घातलं!"

शिंदेमामा माझ्या कानाशी आले. "ताई, कारखाना ऱ्हाऊ द्या. पंक्चरचं दुकान टाकू."

*

सिस्टर दवाखान्यातले फुटके थर्मामीटर बरणीत जपायच्या. एक आजी रोज यायची. "बाई, आनखी थोडा पारा दे की. धान्यात ठेवला की कीड लागत न्हाई."

"आजी, जो कीड मारतो, तो खाणाऱ्याला सोडील का?"

"खानारा माजा म्हातारा हाय. त्याला काय हुतंय!"

दुसऱ्या दिवशी आजीनं धान्यातली पाऱ्याची कुपी आणून टेबलावर ठेवली. "घे बाई. लई भांडतो, पर माजाच हाय."

*

एका कचेरीत साहेब माझ्यावर भडकले. "परदेशात शिकून कचरा वेचताय? लाज वाटत नाही?"

मी तोंड उघडायच्या आत शिंदेमामा पुढे झाले. "साहेब, आमी पारा उतरवायलाच आलोय. तुमच्यापासून सुरुवात करू का?"

कारकुनांनी फायलींत तोंडं लपवली. मग साहेबच हसले, आणि स्टोअररूमची चावी दिली!

*

ट्यूबा कडब्यात बांधून न्यायची कल्पना माझी. घोडेगावला नेमका गुरांचा बाजार! आम्ही चहा पिऊन येतो तो एका बैलानं आमचं अर्धं पॅकिंग खाल्लेलं. ट्यूब एकही फुटली नव्हती. मालक उलट ऐटीत म्हणाला, "बैल पारखी हाय ताई. काचंला तोंड लावत न्हाई!"

*

टेम्पो भरायला शेवटची खेप मिरजगावची. तिथं कळलं, ग्रामपंचायतीनं आमच्या ट्यूबा सायकलवाल्याला देऊन टाकल्या. हा बबन गावोगाव खेळ करायचा: काही दिवस खाली न उतरता दिवसरात्र सायकलवर गोल फिरायचा आणि शेवटच्या दिवशी छातीवर ट्यूबा फोडायचा. तो शेवटचा दिवस आजच! मैदान खच्चून भरलेलं.

मी सायकलबरोबर पळत पाऱ्याचं सांगितलं. तो पायडल मारतच म्हणाला, "ताई, ट्यूब फुटल्याबिगर पब्लिक शिट्टी मारत न्हाई. आमी खायचं काय?"

माईकवर त्याची बायको होती, मांडीवर तान्ही पोर. तिनं मला थांबवलं. "फुटलेली काच मीच झाडती. हिला घिऊन. हिच्याबी छातीत जातं का ते?"

"जातं," मी म्हणाले.

तिनं माईक तोंडाशी धरला. "मंडळी! छातीवर ट्यूब कुनीबी फोडंल. आज आमचं मालक एकबी ट्यूब फोडनार न्हाईत!"

बबन तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं हँडल सोडलं. एकेक ट्यूब कपाळावर उभी तोलायची, दोन्ही हात पसरून फेरी मारायची आणि टेम्पोपाशी आला की अलगद शिंदेमामांच्या हातात. मैदानात कुणी जागचं हलेना.

शेवटची ट्यूब कडब्यात गेली. अख्खी! तरी सगळे तसेच, आ वासून.

माईक खरखरला. "वाजवा की टाळ्या! समदे ट्यूबलाइट हाय का?"