विलासदादांची बाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. वडील तर हे न कळताच गेले — नाही, मीच त्यांना न सांगता जाऊ दिलं. आज तुम्हाला सांगायला बसलोय, तरी थेट मुद्द्यावर येता येत नाहीये. आधी विलासदादांबद्दल सांगतो.

विलासदादा ठाण्यातल्या कोपरीचे, कोळ्यांच्या घरातले. वडील खाडीत जाळी टाकायचे. पूलमध्ये, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या टेबलावरच्या खेळात, दादा अनेक वर्षं राज्याचे विजेते होते. नौपाड्यात एका साडीच्या दुकानावर त्यांचा हॉल आहे. दादा चेंडूला मारत नसत — काठीने त्याला नुसतं वाटेला लावून देत. आणि त्यांच्या हॉलचा एक रिवाज होता : फाऊल आपला आपण सांगायचा. हात, बाही, काहीही चुकून चेंडूला लागलं की फाऊल. मग समोरच्याने पांढरा चेंडू हवा तिथे ठेवून खेळायचं. कोणी पाहिलं नसलं तरी दादा काठी खाली ठेवायचे. त्यांच्याशी खेळताना कोणी पंचाकडे बघतच नसे.

आमचं घर डोंबिवलीत, एका खोलीचं. वडील केमिकल कंपनीत कामगार. कॉलेज ठाण्यात. दुपारी हॉल रिकामा असायचा, दादा माझ्यासाठी पंखा लावून द्यायचे आणि मी कोपऱ्यात अभ्यास करायचो. घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या पंख्याखाली. पुढे पंचांच्या परीक्षेलाही त्यांनीच बसवलं. गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं — माझं नाव, पुढे बी.कॉम., खाली 'पंच'. मी ते काढतच नसे.

"काय रे बी.कॉम., आंघोळीलाही घालतोस काय?" दादा ओरडायचे. "लग्नात हाराऐवजी हेच घाल आता!"

सगळे हसायचे. मीही.

आता सांगतो — सांगतोच.

त्या वर्षी राज्य स्पर्धेची अंतिम फेरी ठाण्यातच होती. दादांच्या हॉलचाच मुलगा, म्हणजे मी, पंच म्हणून उभा, पण समोरच्या खेळाडूने हरकत घेतली नाही. दादांच्या सामन्याला पंच कोणीही चालायचा. माझे वडील कंपनीतून सुट्टी काढून आले होते, पुढच्या रांगेत बसले होते. टेबलावर वाकताना पंचाने कार्ड खिशात टाकायचं असतं. परीक्षेत हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. त्या दिवशी टाकलं नाही. का? वडिलांना दिसत राहावं म्हणून. एवढंच.

शेवटचा डाव. दादा टेबलावर आडवे होऊन लांबचा चेंडू घेत होते. पुढचे दोन चेंडू एकमेकांना चिकटलेत का, बघ म्हणाले. मी वाकलो. कार्ड झुललं — आणि दादांच्या कोपराखालचा चेंडू हलला. नखभर. मी कार्ड मुठीत पकडलं. बोललो का? नाही.

दादांनी हललेला चेंडू पाहिला. सावकाश उभे राहिले, काठी खाली ठेवली. "फाऊल," म्हणाले. "माझी बाही लागली."

टाळ्या सुरू झाल्या. वडीलसुद्धा वाजवत होते. तेव्हा मला बोलता आलं नसतं का? आलं असतं. पंचाला गप्प कोण करणार होतं? मी पांढरा चेंडू उचलला आणि दुसऱ्या खेळाडूच्या हातात दिला. त्याने डाव संपवला. दादा हरले.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. तसं असतं तर बरं झालं असतं.

काही दिवसांनी दादांनी मला हॉलवर बोलावलं. एकटेच होते. बाही वर करून कोपर चोळत बसले होते. "एक विचारू? मला लागलेलं कळलंच नाही रे. इतकी वर्षं कळायचं. मासा नुसता जाळ्याला घासून गेला तरी बापाच्या बोटांना कळायचं ना, तसं. तू जवळ होतास. तुला दिसली का बाही लागताना?"

ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. वडीलही समोर नव्हते.

"हो दादा," मी म्हणालो. "दिसली."

ते कोपराकडे बघत राहिले. "मग झालं. अंगालाच कळेना, तर खेळायचं कशाला? बरं झालं, खरं सांगितलंस."

त्यानंतर ते एकही सामना खेळले नाहीत. त्यांचा हात ठणठणीत होता. हे जगात फक्त मला माहीत होतं.

आजही दर रविवारी मी हॉलवर जातो. नाही गेलो की त्यांचा फोन येतो — "काय रे बी.कॉम., विसरलास का म्हाताऱ्याला?" हॉलमध्ये आता प्रत्येक जण टेबलाला हात लावण्याआधी बाह्या कोपराच्या वर दुमडतो. दादांचा नियम. नवीन कोणी शिकायला आलं की दादा त्या फाऊलची गोष्ट सांगतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात : "विचारा यांना. हे पंच होते." सगळे वळून बघतात. मी मान हलवतो. खरं बोललो तर दादांचा मान जाईल, असं मी स्वतःला समजावत आलो. तेही खोटं. त्यांचं काहीच जाणार नाही. जाईल ते माझं.

परवा एका नवीन मुलीचं माझ्या नुसत्या मान हलवण्यावर भागलं नाही. "काका, तुम्ही खरंच बाही लागलेली बघितलीत?"

दादा हसत माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणालो, आणि बाह्या दुमडायला लागलो.