अश्विनीचं ‘नको’

“अगं, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाळंतिणीचं दूध…”

एवढंच माझ्या कानावर पडलं आणि लिफ्टचं दार बंद झालं! आत आमच्या मालीशवाल्या हिराबाई, कानाला मोबाईल लावलेला. बाहेर मी, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. लिफ्ट गेली वर आणि बातमी राहिली अर्धी!

आता त्यापुढे मी जो गाढवपणा केला तो सांगते. हसायचं तर खुशाल हसा, पण चहा गार होऊ देऊ नका.

दुसरी एखादी जिना चढून विचारून आली असती. माझे गुडघे तसले नाहीत. आणि खरं सांगू का? अर्धी बातमी पुरी करायला मला आजवर कुणाची मदत लागलेली नाही. बाळंतिणीचं दूध… म्हणजे पुढे काय असणार? ‘येत नाही’! दुसरं काय असतं का कधी?

ही बाळंतीण म्हणजे अश्विनी, आमच्या बरोब्बर वरच्या फ्लॅटमधली. तिला सासू नाही. आई देवळ्याला, आणि तिचा ऐन वेळी पाय मोडलेला, प्लास्टरमध्ये. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही पोरीला माहेरी जाता आलं नाही. नवरा सातपूरला कंपनीत, शिफ्टवाला. सासरे हॉलमध्ये टीव्हीसमोर. पंधरा दिवसांची लेक मांडीवर आणि बाई माणूस म्हणाल तर सकाळी तासभर हिराबाई. मग शेजारीण कशाला असते हो?

घरी आले, पिशव्या टाकल्या, अळीव भिजत घातले. आमचे हे एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झालेत, तेव्हापासून त्यांचं सगळं लक्ष माझ्यावर. म्हणाले, “तिला विचारलंस का आधी?”

“असं विचारतात का कुणी? लाजेल ना ती!”

तासाभरात नारळ, गूळ, जायफळ घालून खीर तयार. मग बिल्डिंगमधल्या बायकांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे त्यावर टाकलं, ‘अश्विनीला दूध येत नाही. आपलीच लेक समजून हातभार लावू या.’ पाच मिनिटांत बारा जणींचे हात जोडलेले! मी लगेच वेळापत्रकच करून टाकलं. सकाळी आठला माझी खीर. दहाला डिंकाचा लाडू. बाराला बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. तीनला शतावरीचं दूध. पाचला मेथीचा लाडू. सातला पुन्हा खीर. आणि एक कडक नियम: नुसतं देऊन यायचं नाही, वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसायचं!

पहिल्या दिवशी वाटी पुढे केली तर अश्विनी म्हणाली, “काकू, नको.”

आता मला सांगा, आपल्याकडे ‘नको’ला काय किंमत आहे? पंगतीत ‘नको’ म्हटलं की एक वाढतात आणि ‘नको नको’ म्हटलं की दोन. माझ्या सासूबाई ‘नको गं बाई’ म्हणत म्हणत पाच मांडे खायच्या. वाढणारीनं पहिलं ‘नको’ ऐकलं तर ती बाई कंजूष ठरते!

मी म्हटलं, “नको काय? खा मुकाट्यानं. आता तू एकटी नाहीस.”

“काकू, खरंच नको.”

खरंच म्हणाली ना, म्हणून एक चमचा जास्त वाढला.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. अश्विनीनं एकदा बाळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे. ओढणी गच्च आवळून घेतली. मला वाटलं, पोरीला गारठा लागतोय! उठून खिडकी लावली, तिच्या कानाला रुमाल बांधला आणि परत बसले. म्हटलं, “बघ कशी उपाशी आहे बिचारी. संपव आधी खीर, म्हणजे तिचं पोट भरेल.”

ती खीर गिळत होती, बाळ किंचाळत होतं आणि मी बसले होते पुण्य कमावत!

तीन दिवस हे असं चाललं. एक उठली की दुसरी हजर. बाळाचं रडणं तर वाढतच चाललेलं. ग्रुपवर मी लिहिलं, ‘अजून फरक नाही. मात्रा वाढवा.’ आणि त्याच्याही पुढे जाऊन देवळ्याला तिच्या आईला फोन लावला. ती माउली प्लास्टरमधला पाय घेऊन फोनवर रडली. संध्याकाळी एसटीच्या कंडक्टरबरोबर दोन किलो अळीव आले. दोन किलो! एवढ्यात नाशकातल्या निम्म्या बाळंतिणी निघाल्या असत्या.

चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी वाटी घेऊन वर गेले, तर अश्विनी भिंतीकडे तोंड करून पडलेली. चेहरा लाल. हात लावला तर चटका! अंगात सणसणून ताप. डोळ्यांतून धारा. शेजारी बाळ रडून रडून थकलेलं, नुसतं हुंदके देत होतं. नवरा रात्रपाळी करून तसाच आलेला, दारात चपला घालत म्हणत होता, “काकू, मी पावडरचा डबा घेऊन येतो. हिला आता झेपत नाही.”

एवढं करून पोर आजारी? तरी तोंडातून काय निघावं? “दोन चमचे खीर खा गं, ताकद येईल.”

आणि मागून आवाज आला, “ओ काकू! काय करू राहिले तुम्ही हे?”

हिराबाई! एरवी मी यायच्या आत मालीश उरकून गेलेल्या असतात, आज उशीर झालेला. कमरेवर हात!

“अहो, तिला दूध येत नाही म्हणून…”

“कोन म्हनलं येत नाय? लय हाय! इतकं हाय की दाटून छातीचा दगड झालाय पोरीचा. बाळाला तोंडात धरता येईना, म्हनून ते रडतंय. अन् तुम्ही वरून खिरी ओता!”

“पण तुम्हीच तर लिफ्टमध्ये म्हणत होतात, बाळंतिणीचं दूध…”

“मग पुढचं कोन ऐकनार? माझ्या लेकीला सांगत व्हते मी. दूध लय दाटलंय, पन पोरगी लाजाळू. मान्सं उठल्याबिगर बाळाला जवळ घेत नाय. तिच्याकडं कुनी जाऊन बसाया नको म्हनलं चार दिवस!”

माणसं उठल्याशिवाय घेत नाही. आणि माणसं उठत नव्हती, कारण वेळापत्रक माझं!

मी वाटी खाली ठेवली. आमच्या ह्यांना रिक्षा आणायला पिटाळलं आणि तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि विचारलं, “घरी भेटायला माणसं फार येतात का?”

मीच म्हटलं, “दिवसाला सहा. वेळ ठरवून.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी बाळाची दुपटी घडी करायला लागले. मग त्यांनी अश्विनीला नीट दाखवलं. आधी हातानं थोडं दूध काढायचं, मऊ पडलं की बाळाला धरता येतं. बाळ मागेल तेव्हा पाजायचं, कुणी बसलंय म्हणून थांबायचं नाही. औषध दिलं. पुन्हा ताप चढला तर लगेच या म्हणाल्या. आणि मला म्हणाल्या, “खीर वाईट नाही हो. पण ती ‘नको’ म्हणते तेव्हा ऐकत जा.”

पडद्याआड अश्विनीनं बाळाला घेतलं. आधी थोडं रडणं. मग शांत. मग चुटूचुटू आवाज यायला लागला. बाई गं! चार दिवसांनी माझा जीव भांड्यात पडला. बाहेर बाकावर मी आणि तिचा नवरा दोघंही डोळे पुसत होतो, आणि दोघंही सर्दी झाल्याचं सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. ग्रुपवर मी माफी मागितली. त्या दोन किलोंतल्या अळिवाचे लाडू वळून घरोघर परत वाटले. आणि नवी ड्यूटी लावून घेतली: तिच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं, येईल त्याला परत पाठवायचं. त्या कामाला माझ्यासारखी दुसरी कोण मिळणार?

तशी माझी बातमी अगदीच खोटी नव्हती बरं का. दूध आईला येत होतं, पण बाळापर्यंत येत नव्हतं. अर्धी तरी खरीच ना! आमचे हे म्हणतात, “आणि उरलेली अर्धी तू बसली होतीस तिथे अडकली होती.”

परवा अश्विनीनं मला खुर्चीवरून आत बोलावलं. चेहरा टवटवीत, लेक मांडीवर गाढ झोपलेली. नवऱ्यानं आल्याचा चहा केलेला, वास नुसता घरभर! माझा सकाळपासून चहा झालेला नव्हता.

“काकू, चहा घेणार?”

“नको गं, आत्ताच झाला.”

“बरं,” म्हणाली, आणि कप उचलून तिनं स्वतःच प्यायला घेतला!

खाली आले आणि ह्यांना म्हटलं, “अहो, चहा टाका जरा.”

“का? वर दिला नाही?”

“देत होती. मी नको म्हटलं.”

“मग?”

“मग काय! तिनं ऐकलं!”