पाकातले दाणे

मी सिंदी सोडली त्या दिवशी माझी बॅग आमच्या किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर मोजली गेली. विमानवाल्यांनी घालून दिलेल्या वजनापेक्षा ती जड भरली. धाकट्या भावाने, प्रशांतने, ती तिथेच उघडली आणि काय काढू म्हणून माझ्याकडे पाहिलं. आईने मला बोलूच दिलं नाही. माझा लोकरी कोट आणि दोन पँटी तिने काढून गुळाच्या ढेपेवर ठेवल्या आणि स्टीलचा डबा होता तिथेच राहू दिला. "कपडे तिथं भेटतीन, दाने नाई भेटत," ती म्हणाली. मी जर्मनीला निघालो होतो, ऐन हिवाळ्यात. बाबा गल्ल्यावरून मान वर न करता म्हणाले, "थंडी वाजली त दाने पांघरजो."

नागपूरच्या विमानतळापर्यंत सोडायला गाडी ठरवली होती. गाडीत बसताना आईने खिडकीतून हात घालून माझी कॉलर नीट केली आणि रडणं वगैरे बाजूला ठेवून डब्याविषयीच बोलली. "पयले कोनाले तरी देजो, मंग खाजो." तिचा हा नियम लहानपणापासूनचा. दाणे स्वतःसाठी करायचे नसतात, वाटायचे असतात. वाटल्याशिवाय चाखायचेही नाहीत.

सिंदीत राहिलेल्यांना हे दाणे सांगायला नकोत. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्या मुलांसाठी सांगतो. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, चोळून, पाखडून सालं काढायची. गुळाचा पाक करायचा, त्यात सुंठ, मिरे, वेलदोडा, चिमूटभर तिखट आणि मीठ. पाकाचा थेंब पाण्यात टाकला आणि गोळी ताटलीवर वाजली की दाणे आत टाकायचे आणि हात थांबवायचा नाही. शेवटी चमचाभर पिठीसाखर भुरभुरली की दाणे एकमेकांना सोडतात. आई दिवाळीत चिवडा, शंकरपाळे, अनारसे सगळं करायची, पण गल्लीत वाट पाहिली जायची ती या दाण्यांची. आधी गोड लागतात आणि गिळल्यावर घशाशी तिखट जाणवतं, तोपर्यंत हात दुसऱ्या दाण्याकडे गेलेला असतो.

स्टुटगार्टला पोचल्यावर मी डबा ऑफिसात नेला, कारण नियम म्हणजे नियम. कोट नसल्यामुळे मी कुडकुडत होतो आणि दाणे वाटत होतो. पहिल्याच दिवशी टीमला माझं नाव नीट घेता आलं नाही, पण डबा मात्र दुपारपर्यंत रिकामा झाला. पुढच्या डिसेंबरात सगळेच विचारायला लागले. तेव्हापासून दर ख्रिसमसला मी ते घरी करतो. शेंगदाण्यांच्या जागी बदाम आणि अक्रोड आले, तिखट कमी झालं, दालचिनी आली. काचेच्या छोट्या बरण्या, त्यांना लाल फीत. इथल्या ख्रिसमसच्या बाजारात तांब्याच्या कढईत साखरेचे बदाम भाजतात. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी रस्त्यातच थबकलो होतो, चुलीशी ओळखीचं कुणी असेल म्हणून.

ऑफिसात त्यांचं नाव 'वर्धा-नट्स' पडलं. मी ते आईला फोनवर कौतुकाने सांगितलं तर तिला राग आला. "वर्धा काऊन? सिंदी म्हनाले काय झालं त्यायले?" मी म्हटलं, जिल्ह्याचं नाव घेतात. ती म्हणाली, जिल्हा काय दाने भाजाले येते का. दरवर्षी पाक करताना ती व्हिडिओ कॉलवर असायची. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि तिचं एकच पालुपद, पान्यात टाकून पाय, म्हणजे बघ. एवढ्या वर्षांत मला डोळ्यांनीच पाक कळायला लागला होता, तरी मी पाण्यात टाकायचो. तिला दिसलं पाहिजे.

आई या वर्षी गेली, पोळ्याच्या आठवडाभर आधी. मी पोचलो तोपर्यंत प्रशांतने अग्नी दिलेला होता. मी टक्कल केलं, दहाव्याला नदीवर गेलो, भटजी म्हणाले तसं पाणी सोडलं, पंगतीत वाढायला उभा राहिलो. सगळं नीट केलं. मोठी मावशी माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि शेवटी दुसऱ्या कुणाला तरी म्हणाली, "पोराच्या डोयात पानी नाई." ते मला ऐकू गेलं. तिचं म्हणणं खरंच होतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपण ओठाला बोट लावून बघतो, बोटाला ओठ कळतो, ओठाला बोट कळत नाही. माझं तसं झालं होतं.

त्याच दिवसांत तान्हा पोळा आला. आमच्या सिंदीत हा मोठा सण. लहान मुलं लाकडाचे चाकांचे बैल दोरीने ओढत दारोदार जातात आणि लोक त्यांच्या हातावर पैसे, खाऊ ठेवतात. मी ओसरीत बसलो होतो. गल्लीच्या टोकाशी चाकांचा खडखडाट आला, वाढत आला, आणि शेजारच्या घराशी एकदम बंद झाला. पोरांनी बैल उचलून कडेवर घेतले होते. आमच्या दारासमोरून ती तशीच, नवे कपडे घातलेली, न बोलता गेली आणि चार घरं पुढे जाऊन त्यांनी बैल पुन्हा खाली ठेवले. त्यांना कुणी सांगितलं असेल, का त्यांचं त्यांनाच कळलं असेल. मी ते पाहिलं आणि मला काहीही वाटलं नाही. चांगलं केलं पोरांनी, एवढं मनात आलं, आणि तेही कुणाच्या तरी बातमीसारखं.

दिवाळीत सिंदीच्या घरी कढई चढली नाही. आमच्याकडे माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत त्या घरी सणाचं गोडधोड करत नाहीत. गल्लीतली घरं आपापल्या फराळातला वाटा आणून देतात. प्रशांतने व्हिडिओवर ओटा दाखवला तर पाय ठेवायला, म्हणजे ताट ठेवायला जागा नाही इतके डबे. बाबा म्हणाले, "गल्लीनं केली आपली दिवाळी." त्या आवाजात दुःख होतं आणि थोडी ऐटही होती. इतकी वर्षं आईने वाटलेलं सगळं एका दमात परत आलं होतं.

इथे आम्हीही काही केलं नाही. माझी बायको मेघा नाशिकची, तिच्याकडेही अशीच रीत आहे. तिने आकाशकंदील माळ्यावरच राहू दिला. पण इथे ते फार सोपं गेलं. दिवाळीचे दिवस ऑफिसात गेले. आपल्या घरी काही केलं नाही हे कुणाला दिसलं नाही, आणि त्यामुळे मलाही ते केल्यासारखं वाटलं नाही. म्हणजे पाळल्यासारखं. शोक पाळायलासुद्धा गल्ली लागते हे मला तोवर माहीत नव्हतं. मला तेव्हा खरी भीती वाटली ती एकाच गोष्टीची. आई गेल्याची बातमी मला पोचली होती, पण आईचं जाणं माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं. मी इतका लांब येऊन पडलो की काय, असं वाटायचं, आणि तेही फार जोरात वाटायचं नाही.

डिसेंबर आला. टीममध्ये कुणीतरी विचारलं, यंदा बरण्या कधी? मी शनिवारी बदाम आणले, अक्रोड आणले, सुंठ कुटली. पाक केला, पाण्यात टाकला, गोळी वाजली. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवलेला नव्हता, एवढाच फरक. ट्रेवर पसरून दाणे गार होत होते तेव्हा मेघा बाहेरून आली. वास दारापर्यंत गेला असणार. तिने बूट काढले, ट्रेकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, यंदा नाही ना करायचं?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दिवाळी मी पाळली होती. ख्रिसमस आपला सण आहे असं कधी मनातच आलं नाही. पण दाणे आईचेच होते, आणि चूल माझीच. मी बाबांना फोन लावला. दुकानात गिऱ्हाईक होतं, तेल मोजल्याचा आवाज येत होता.

"बाबा, मी दाने करून बसलो. ध्यानातच नाई राह्यलं."

"कोनासाठी केले?"

"ऑफिसातल्या लोकायसाठी. खालच्या आजीसाठी."

"तू खाल्ले का?"

मी खाल्ले नव्हते. वाटल्याशिवाय चाखायचं नाही, म्हणून हात तोंडाकडे गेलाच नव्हता. तसं सांगितल्यावर पलीकडून गल्ला बंद केल्याचा आवाज आला. गिऱ्हाईक गेलं असावं.

"मंग वाट. वाटाले काई होत नाई. आपल्या चुलीवरचं आपन खाऊ नये फक्त. दुसऱ्यानं आनलं त खावं."

ही रीत खरोखर आहे का बाबांनी गल्ल्यावर बसल्याबसल्या बनवली, मला माहीत नाही. दुसरं कोण आणणार, असं माझ्या ओठावर आलं होतं, पण मी ते विचारलं नाही.

खालच्या आजी म्हणजे फ्राऊ बाउमान. तळमजल्यावर एकट्या राहतात, जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जातो. दरवर्षी मी बरणी दिली की त्या दारातच फीत सोडतात, झाकण उघडतात आणि पहिला दाणा मला देतात. त्यांना आमचा नियम माहीत नाही, त्यांचा स्वभावच तसा. यंदाही त्यांनी फितीला हात घातला. मी म्हटलं, मला नको. त्यांना वाटलं दाताचं काही असेल. मग मी म्हणालो, माझी आई वारली, वर्षभर आम्ही हे खात नाही. ऑफिसात मी रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहिलं होतं. जर्मनमध्ये हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो. अगदी छोटं वाक्य निघालं, मला वाटलं होतं फार शब्द लागतील.

त्यांनी झाकणावरचा हात काढला. "वर्ष कधी होईल?"

"ऑगस्टमध्ये."

"मग मीही थांबते," त्या म्हणाल्या, आणि फीत पुन्हा बांधली. नीट जमेना तर मीच बोट ठेवलं गाठीवर.

आता ती बरणी त्यांच्या खिडकीत आहे. मी ऑफिसला जाताना दिसते, येताना दिसते. झाकण बंद, लाल फीत जराशी वाकडी. मला त्याने रडू आलेलं नाही, तुम्हाला बरं वाटावं म्हणून तसं सांगणारही नाही. पण खिडकीशी आलो की पाय हळू होतात, जसं पोरांनी बैल उचलले होते तसं काहीतरी. कुणी विचारलं घर कुठे, तर मी अजून सिंदीचं पूर्ण नाव, सिंदी रेल्वे, हेच सांगतो, आणि पुढे नागपूरजवळ म्हणतो. पण मनात आता वेगळं येतं. आपण काय केलं नाही हे जिथे कुणाला तरी दिसतं, ते घर. सिंदीत तशी अख्खी गल्ली आहे. इथे एक खिडकी झाली.

अडचण एवढीच की मी किराणा दुकानदाराचा मुलगा आहे. खिडकीत ऊन येतं. साखर आत्ताच ओल धरायला लागलीय, आणि बदाम ऑगस्टपर्यंत टिकत नाहीत. मी बाबांना सांगितलं.

"खवट होतीन," ते लगेच म्हणाले.

"हो."

"तिले सांगू नको. वर्ष झालं की तिले नवे करून देजो. थे जुने तू खाजो."

खवट दाणा जिभेला चुकत नाही, कितीही बधिर असली तरी. ऑगस्टपर्यंत थांबायचं आहे.