तात्यांनी घातलेलं रोलर कोस्टरचं गाऱ्हाणं

तात्या तोंड उघडायचे तेव्हा डिलाईल रोडवरच्या बसगाड्या आपोआप बाजूला होत. माणूस काडीसारखा, पण आमच्या चाळीत त्यांनी गाऱ्हाणं घातलं, की कोकणातल्या देवाला देवळात बसल्या जागी ऐकू जाई. नवा फ्रिज आला, घाला गाऱ्हाणं. कोणाची मुलगी बारावीला बसली, घाला गाऱ्हाणं. तात्या नारळ हातात धरून डोळे मिटत, देवाला हाक मारत, आणि अख्खी चाळ वाक्यागणिक "व्हय म्हाराजा!" म्हणून होकार देई.

त्यांचा एक नियम होता. "देवाक मोघम सांगशात, तर तो मोघमच बघतलो." म्हणून येऊ शकेल ते प्रत्येक विघ्न नाव घेऊन सांगायचं. आमच्या फ्रिजच्या वेळी त्यांनी शॉक, गळती, उंदीर आणि शेजारीण, सगळं देवाच्या कानावर घातलं. फ्रिज अजून चालू आहे. शेजारीणही.

त्यांचा मुलगा सुनील शहराबाहेरच्या एका थीम पार्कात तिकीट खिडकीवर होता. पार्काने नवा रोलर कोस्टर काढायचं ठरवलं. डबा ढगात जाणार आणि तिथून विहिरीत सोडलेल्या कळशीसारखा सरळ खाली येणार. तो चालवायची जागा सुनीलला द्यायची, असं साहेब बोलले होते. खिडकीतून सुटायची त्याची ही एकच वाट. भूमिपूजनाला आम्ही चाळकरी बस भरून गेलो. भटजी वाटेत अडकले, आणि सुनीलच्या तोंडून निघून गेलं, "सर, माझे वडील आहेत ना!"

पैसे लावणारे पाहुणे पहिल्या रांगेत बसले होते. तात्यांनी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! पट्टो तुटलो, चाक निसाटला, डबो मधीच उलटो लटाकलो, तर तूच सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही गरजलो.

तात्यांना चेव चढला. वीज गेली, बोल्ट गंजलो, चालवणाऱ्याक डुलकी लागली... इथे सुनीलने डोळे मिटले, पण भक्तीने नव्हे. नारळ फुटायच्या आत पाहुणे आपापल्या गाडीत होते. योजना बारगळली, सुनील खिडकीवरच राहिला.

"तात्या, देवाला एवढं सगळं सांगायची काय गरज होती?" सुनीलने विचारलं.

"मगे कोणाक सांगू? त्या पावण्यांक?"

"त्यांनीच ऐकलं ना!"

त्यानंतर एका खोलीत राहून बापलेक मीठ मागण्यापुरतेच बोलत. तात्या गेले, तोवर ते मिटलं नव्हतं.

यंदा पार्काने योजना पुन्हा काढली, उतार आणखी खोल. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "यात काय काय बिघडू शकतं?" बाकीचे म्हणाले, "काहीच नाही, सर." सुनील जो सुरू झाला, तो साहेबांच्या चहावर साय धरली तरी थांबेना. जागा त्यालाच मिळाली.

पेढे घेऊन घरी आला, तेव्हा आम्ही दारात गोळा झालो होतोच. पहिला पेढा त्याने तात्यांच्या फोटोपुढे ठेवला.

"जागा मिळाली, तात्या. पण उद्घाटनाला भटजीच बोलावणार हां."

मग तो बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. पुडा त्याच्या हातात होता, आणि आमच्यातलं कोणीही पेढा मागायला धजावलं नाही.